मंगळवारचा ससा

यांतिनानं रुमालाची गाठ सोडली आणि औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर तीन तपकिरी गोळ्या ओळीनं मांडल्या.

"या कशावरच्या आहेत?" तिनं विचारलं.

दुकानातल्या सीपकोनं चष्मा कपाळावर चढवला. गोळ्या वाटाण्याएवढ्या, गोल, जराशा खरबरीत होत्या. त्यांच्यावर कंपनीचा शिक्का नव्हता, अर्धी मोडायला मधोमध रेघ नव्हती.

"कुठे मिळाल्या?"

"वुब्बोच्या पँटच्या खिशात. धुवायला टाकताना." नवऱ्याचं नाव घेतल्यावर यांतिनानं आवाज खाली आणला. "तो मला काही सांगत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाण्याच्या तालमीला जातो आणि येतो तेव्हा खूश असतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस असा विनाकारण खूश नसतो, सीपको. मला वाटतं हृदयाचं काहीतरी आहे."

तिच्या मागे रांगेत तीन माणसं होती. तिघंही भिंतीवरच्या खोकल्याच्या औषधाच्या जाहिराती वाचू लागली. आपिंगेडाम या छोट्या डच गावात लोक दुसरीकडे पाहण्यात तरबेज आहेत. त्यामुळे ऐकू चांगलं येतं.

सीपकोनं चिमट्यानं एक गोळी उचलली, बोटांत धरून मोडली आणि वास घेतला. मग मोडलेले दोन्ही भाग कागदावर ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

"यातली तुम्ही घेतली नाहीत ना?"

यांतिनानं रिकाम्या रुमालाची घडी घातली.

"यांतिनाबाई?"

"घेतली नाही. जिभेला लावून पाहिली. कडू आहे का म्हणून."

"होती?"

"नाही. गवतासारखी होती."

"गवतच आहे ते," सीपको म्हणाला. "सशानं खाल्लेलं. या लेंड्या आहेत. रंग चांगला आहे, आत धागा भरपूर आहे. म्हणजे तब्येतीची काळजी करू नका. सशाच्या."

यांतिनानं काउंटरची कड धरली. जिभेवर काहीतरी आहे असं तिला वाटलं, आणि ते तिथे आज सकाळपासून आहे हेही वाटलं.

"आमच्याकडे ससा नाही," ती म्हणाली.

"नसेल."

"होता. त्याला तीन वर्षं झाली."

"मग दुसऱ्या कोणाकडे असेल," सीपको म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला ते परत घ्यावंसं वाटलं असावं, कारण त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. रांगेतल्या शेवटच्या बाईनं पिशवीशी चाललेली खुडबूड थांबवली.

"पण माणूस लेंड्या खिशात कशाला ठेवेल?"

सीपकोकडे स्वतःचे दोन ससे होते, आणि खरं उत्तर ठाऊक असताना गप्प बसणं त्याला जमत नसे. "ट्रेची सवय लावताना असं करतात. इकडेतिकडे पडलेल्या उचलायच्या आणि ट्रेमध्ये नेऊन टाकायच्या, म्हणजे जागा कुठली ते त्याला कळतं. शिकलेला ससाही दिवसाकाठी दोन-चार बाहेर टाकतोच. उचलताना हाताशी काही नसलं की खिशात जातात." तो जरा थांबला. "असं पहिल्या दिवशी कोणी करत नाही. जरा रुळलेला माणूसच करतो. त्या घरात."

यांतिनानं उरलेल्या दोन गोळ्या रुमालात बांधल्या.

"काही देऊ का?" सीपकोनं विचारलं. "तोंड खळखळून धुवायला?"

"दे," यांतिना म्हणाली.

घरी जाऊन तिनं सहा वेळा चूळ भरली आणि सोफ्यावर बसली. तो नवा सोफा होता. आधीचा पोफर्तनं, त्यांच्या त्या सशानं, खाल्ला होता.

पोफर्तला वुब्बोनं अनाथ प्राण्यांच्या आश्रमातून न विचारता आणलं होतं. यांतिनाच्या घरात न विचारता आलेली ती पहिलीच वस्तू. त्या घरात प्रत्येक कपाला स्वतःचा हूक होता. बागेतून आलेल्या वुब्बोला स्वयंपाकघरात बसण्यासाठी वर्तमानपत्र अंथरलेलं असे, आणि ते कोणत्या पानावर उघडायचं हेही ठरलेलं होतं, कारण मृत्यूच्या बातम्यांवर बसणं बरं दिसत नाही. अशा घरात पोफर्तनं अकरा आठवड्यांत टेलिफोनची वायर, तीन खुर्च्यांचे पाय आणि सोफ्याची डावी बाजू संपवली. शू तो पलंगावर करी, आणि पलंगाच्या फक्त यांतिनाच्या बाजूला. ती वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन त्याच्या मागे धावे. तो कपाटाखाली जाई आणि तिथे आणखी करी.

अकराव्या आठवड्यात ती म्हणाली होती, "एक तर तो या घरात राहील, नाही तर मी."

वुब्बोनं विचार करायला रविवारपर्यंत वेळ मागितला. तो बुधवार होता. त्या चार दिवसांबद्दल दोघंही नंतर कधी बोलली नाहीत. रविवारी त्यानं सशाला खोक्यात घातलं, खोकं सायकलला बांधलं, आणि दीड तासानं रिकामं खोकं घेऊन परत आला. "चांगल्या माणसांकडे दिलाय," तो म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्यानं खलाशांची गाणी म्हणणाऱ्या पुरुषांच्या गायनमंडळात नाव घातलं. मंडळाचा लाल रुमाल गळ्यात बांधून तो तालमीला जाऊ लागला. घरी त्यानं कधी एक ओळ म्हटली नाही, याचं यांतिनाला बरंच वाटलं होतं.

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता वुब्बोनं लाल रुमाल बांधला.

"आज कुठली गाणी?" यांतिनानं विचारलं.

"नेहमीचीच," वुब्बो म्हणाला. "समुद्रावरची."

तो वळणावर दिसेनासा झाल्यावर तिनं आपली सायकल काढली. त्या मुलखात कोणाचा पाठलाग करणं अवघड आहे. जमीन इतकी सपाट की पुढे दोन किलोमीटरवर चाललेल्या माणसाचा रुमालसुद्धा ओळखू येतो, आणि त्यानं मागे पाहिलं तर त्यालाही तुमचा येतो. पण वुब्बो मागे पाहणाऱ्यांतला नव्हता. वारा समोरून होता. दोघंही वाकून पेडल मारत होती, एकमेकांपासून तीनशे मीटरवर, जणू एकाच घरातली माणसं नसावीत अशी.

कालव्यावरचा तालमीचा हॉल आला. वुब्बो त्याच्यासमोरून सरळ पुढे गेला.

भाजीच्या दुकानापाशी तो उतरला. आता फुलं घेणार, असं यांतिनाला वाटलं, आणि कोणती घेतो ते पाहायला ती झाडामागे थांबली. तिच्यासाठी तो दर वर्षी ट्यूलिप आणी. वुब्बो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. फुलं नेणारा पुरुष एखादे वेळी जाऊन येतो. भाजी नेणारा तिथे राहतो.

तो म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांच्या गल्लीत वळला. म्हणजे ती वयानं मोठी आहे, यांतिनानं मनाशी नोंद केली. विधवा असेल. ती बायकांचे चेहरे आठवत गेली आणि एकेक खोडत गेली. वुब्बोनं सतरा नंबरच्या घरासमोर सायकल लावली, खिशातून किल्ली काढली आणि दार उघडून आत गेला.

यांतिना सायकलवरून उतरली आणि उभी राहिली. सतरा नंबरचं घर तिच्या आईचं होतं.

तिच्याकडे त्या घराची किल्ली नव्हती. कधी लागलीच नव्हती. तिकडे कोणीच कोणाकडे न कळवता जात नाही. लेक आईकडे जात नाही, आई लेकीकडे जात नाही. भेटीचा दिवस ठरतो, वेळ ठरते, ती डायरीत लिहिली जाते, आणि मग माणसं एकमेकांना आठवण आली असं म्हणतात. यांतिनाची आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वाजता यांतिनाकडे येई आणि चार वाजता जाई. पूर्वी एक महिना तिच्याकडे, एक महिना हिच्याकडे असं होतं. मग आई म्हणाली होती, "माझं घर लहान आहे. तुझा सोफा नवीन आहे. मीच येत जाईन." याला तीन वर्षं होत होती. यांतिनाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सोफा खरोखरच चांगला होता.

खिडकीला पडदा नव्हता. त्या गल्लीत कोणाच्याच खिडकीला नसतो. आतल्यांनी लपवायचं नाही आणि बाहेरच्यांनी बघायचं नाही, असा सगळा व्यवहार. यांतिनानं पंचावन्न वर्षं तो पाळला होता. आता ती आईच्या छोट्या बागेत शिरली, कांद्याच्या रोपांवर पाय दिला आणि काचेला नाक लावलं.

आत तिचा नवरा गालिच्यावर पोटावर पालथा झोपला होता. हनुवटी जमिनीला टेकलेली, गळ्यात लाल रुमाल, तोंडात कोथिंबिरीची एक काडी. त्याच्यासमोर तिची आई जमिनीवर बसली होती, पाय सरळ पसरून. वय वर्षं त्र्याऐंशी, कंबरेचं हाड एकदा मोडलेलं, यांतिनाकडे आली की खुर्चीवरसुद्धा दोन उशा मागणारी. दोघांच्या मध्ये पावाच्या लादीएवढा करडा ससा बसला होता आणि विचार करत होता. त्यानं उजवा कान वळवला. मग एकदम, कोणीतरी ढकलल्यासारखा, तो कुशीवर पडला आणि त्यानं समाधानानं डोळे मिटले.

वुब्बोनं आणि आईनं एकमेकांकडे पाहून आपापल्या तोंडावर हात दाबला. आईचे खांदे हसण्यानं हलत होते. आईचे खांदे हलतात हे यांतिनाला माहीत नव्हतं.

तिनं घंटा वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. जमिनीवरून उठायचं होतं.

"यांतिना," आई म्हणाली.

"हो."

"कोणी गेलं का?"

"नाही."

"आग लागलीये?"

"नाही, आई."

आईनं दाराची कडी सोडली नाही. "आज मंगळवार आहे. आपलं रविवारी ठरलंय. दोन वाजता, तुझ्याकडे."

"आई, वुब्बो आत आहे."

आईनं यावर थोडा विचार केला.

"आहे," ती म्हणाली. "पण तो सांगून येतो."

यांतिना आत गेली. वुब्बो गुडघ्यांवर आला होता. "यांतिना," तो म्हणाला. मग तोंडातली कोथिंबीर काढली आणि पुन्हा एकदा, जरा स्पष्ट म्हणाला, "यांतिना."

"तू मला सांगितलंस गाणी म्हणायला जातो."

"म्हणतो ना. इथेच. हळू आवाजात. त्याला आवडतात."

"चांगल्या माणसांकडे दिलाय म्हणालास."

वुब्बोनं सासूकडे पाहिलं. "ते खोटं नव्हतं," तो म्हणाला.

यांतिना बोलू लागली. काय बोलायचं ते तिनं सायकलवर तयार केलं होतं, पण ते सगळं एका विधवेला उद्देशून होतं, आणि आता त्यातलं काहीच लागू पडत नव्हतं. तरी तिनं सुरुवात केली. तिचा आवाज नुकता चढू लागला होता, तेवढ्यात सशानं मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला. वुब्बो आणि आई, दोघंही एकाच वेळी तिच्याकडे वळून म्हणाली, "श्श."

यांतिनानं वाक्य अर्धवटच सोडलं.

"खाली बस," आई म्हणाली. "उभा माणूस त्याला घारीसारखा दिसतो."

यांतिना बसली. कोट न काढता, आईच्या गालिच्यावर, भिंतीला टेकून. बसल्यावर तिला खोली नीट दिसली. सगळ्या वायरी प्लॅस्टिकच्या नळ्यांत घातल्या होत्या. टीव्ही कोपऱ्यातून उचलून खोलीच्या मधोमध आणला होता, आणि तो ज्या कोपऱ्यात असायला हवा तिथे एक मोठा चौकोनी ट्रे होता. ट्रेमध्ये कागदाचा भुसा, त्याच्या वर टांगलेलं सुकं गवत. खोलीला कसलाही वास नव्हता. आईचा जुना मखमली सोफा कोरा करकरीत होता.

"टीव्ही मध्ये का आहे?" तिनं विचारलं. हाच एक प्रश्न तिला विचारता येण्यासारखा वाटला.

"त्यानं तो कोपरा निवडला," आई म्हणाली. "सुरुवातीला मी ट्रे दाराशी ठेवला होता. त्याला टीव्हीमागेच जायचं होतं. मग ट्रे तिकडे नेला. कोपरा निवडला की भांडायचं नाही, कोपरा देऊन टाकायचा. गवत ट्रेच्या वर टांगायचं. खाताखाताच तो मोकळा होतो, एकदा तिथे बसला की दोन्ही कामं उरकतात."

"तुझे बाबासुद्धा असेच होते, असं आई म्हणतात," वुब्बो म्हणाला.

"वर्तमानपत्र घेऊन संडासात जायचे," आई म्हणाली.

कोणी हसलं नाही, पण त्या दोघांनी हे आधी अनेकदा बोलून हसून घेतलेलं आहे हे यांतिनाला दिसलं.

"आणि चुकला तर?"

"व्हिनेगरच्या पाण्यानं पुसायचं आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या."

"रागवायचं नाही?"

"कशाला? रागावलं की तो एवढंच शिकतो की तुझ्यासमोर करायचं नाही. मग कपाटाखाली जाऊन करतो."

यांतिना तिच्या आईकडे पाहत राहिली. त्या आवाजात कसलीही धार नव्हती. पाव कसा भाजायचा ते सांगावं तसं ती सांगत होती.

"मी चार वर्षांची होते," यांतिना म्हणाली, "तेव्हा तू मला ओलं पांघरूण डोक्यावर देऊन मागच्या दारी उभं केलं होतंस. शेजारच्यांना दिसावं म्हणून."

वुब्बो गालिच्याच्या कडेचे दोरे पाहू लागला.

"हो," आई म्हणाली. तिनं गालिच्यावर पडलेली गवताची एक काडी उचलली. मग म्हणाली, "तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

बाहेरून एक सायकल गेली. सायकलवाल्यानं खिडकीकडे पाहिलं नाही. जमिनीवर बसलेल्या तीन मोठ्या माणसांकडे न पाहायला त्याला मान बरीच वळवावी लागली.

"किती दिवस लागले?" यांतिनानं विचारलं. "त्याला शिकायला."

"एप्रिलच्या सुरुवातीला खच्ची केलं, त्यानंतर दहा आठवडे," वुब्बो म्हणाला. आपल्याला येणारा प्रश्न आला म्हणून त्याचा आवाज जरा मोकळा झाला. "आधी त्याला कुंपण घालून एवढीशी जागा दिली. ती त्यानं स्वच्छ ठेवली की आणखी थोडी. मग ही खोली. मग सगळं घर. आता रात्री तो आईंच्या पलंगावर चढतो, पण काही करत नाही. खाली उतरून ट्रेमध्ये जातो आणि परत येतो."

"दहा आठवडे."

"हो."

"म्हणजे जूनमध्येच झालं होतं. पहिल्याच वर्षीच्या."

"जूनच्या मध्याला," वुब्बो म्हणाला.

"मी सोफ्यामुळे घालवला त्याला. पलंगामुळे."

"हो."

"आणि जूनमध्ये त्यानं ते सगळं सोडलं होतं."

"एकदाही चुकला नाही त्यानंतर," वुब्बो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता.

"मग घरी का नाही आणलास?"

वुब्बोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सासूकडे पाहिलं. आईनं कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडायला घेतला. गाठ साधी होती, पण ती सुटायला फार वेळ लागला. वुब्बोनं तोंड मिटलं. एखाद्या माणसाला दुखावणार नाही असं खरं वाक्य शोधताना त्याच्या कपाळावर एक आडवी आठी पडे. ती आता पडली होती, आणि जात नव्हती.

यांतिनानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग मधोमध ठेवलेल्या टीव्हीकडे.

"मी काही चावत नाही," ती म्हणाली.

वुब्बोनं लाल रुमालाची गाठ सैल केली.

ससा उठला. त्यानं एक पाय ताणला, मग दुसरा, आणि सरळ न येता खोलीच्या कडेकडेनं, थांबत थांबत, यांतिनाच्या दिशेनं निघाला. तिच्या बुटापाशी येऊन त्यानं वास घेतला. कोटाच्या कडेचा घेतला. बुटाच्या नाडीला त्यानं नाक लावलं, आणि मग, ससे आपल्या वस्तूवर घासतात तशी, हनुवटी तिच्या बुटावर घासली, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. यांतिनाचा उजवा हात झटकायला वर गेला. तो आपोआप गेला, पंचावन्न वर्षं जातो तसा.

वुब्बोनं श्वास रोखला. आईनंही. दोघंही जागची हलली नाहीत, त्यांनी तिचं नावही घेतलं नाही. ती फक्त पाहत होती, आणि त्यांच्या पाहण्यात राग नव्हता, भीतीही फारशी नव्हती. नुसतंच, खूप सवय झालेलं वाट पाहणं होतं.

हात हवेत राहिला. मग तो हळूहळू खाली आला आणि तिच्या स्वतःच्या गुडघ्यावर बसला.

कोणी तिचं कौतुक केलं नाही. वुब्बो हवेबद्दल म्हणाला, "वारा जरा पडलाय." आई म्हणाली, "हो, पडलाय खरा." आणि बोलता बोलता तिनं बिस्किटांचा डबा जमिनीवरून सरकवत यांतिनाच्या हाताला येईल इतक्या अंतरावर आणून ठेवला. त्याच्याहून जवळ नाही.

"आज पंधरा मिनिटं बस," आई म्हणाली. "पहिल्या वेळी तेवढं पुरे होतं. पुढच्या मंगळवारी जरा वाढवू."

हे ती कोणाला म्हणाली ते यांतिनानं विचारलं नाही. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. ससा तिच्या बुटाला पाठ लावून बसला होता आणि त्याचे दोन्ही कान मागे पडले होते.

तिनं कोटाचं वरचं बटण काढलं.